सातव्या वर्षाची जमीन

गेल्या वर्षी पुण्यात एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला पंगतीत माझ्या शेजारी आमचे साडू बसले होते. सध्या काय चालले आहे, असे त्यांनी विचारले आणि मी सांगितले की, संगमनेर तालुक्यातली पाणलोटाची, म्हणजे डोंगरावरचे पावसाचे पाणी अडवून जिरवण्याची, जुनी कामे पाहत फिरतो आहे आणि त्यातली बरीचशी एका स्विस फादरांच्या पुढाकारातून उभी राहिलेली आहेत. साडूंनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली आणि विचारले, "पण अहो, त्यांना त्यात काय मिळतं?" प्रश्नात खवचटपणा नव्हता. आयुष्यभर व्यापार केलेल्या माणसाला जमाखर्चाची दुसरी बाजू कोरी दिसली की अस्वस्थ वाटते, तेवढेच होते. वाढपी जिलेबी घेऊन आला, कुणीतरी आग्रह सुरू केला आणि विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही, कारण तो वेगवेगळ्या सुरांत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

मी नगर जिल्ह्यातला. आमच्याकडे पाद्री, पाणी आणि दुष्काळ यांचे नाते फार जुने आहे आणि ते सरळ नाही. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९९-१९०० या मोठ्या दुष्काळांत मिशनने अन्नछत्रे चालवली, अनाथ मुले सांभाळली, शाळा काढल्या, आणि त्याच काळात बाप्तिस्मेही मोठ्या संख्येने झाले. पोटासाठी धर्म बदलला, असे गावातली जाणती माणसे ओठ दुमडून सांगत. ज्यांनी बदलला, त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती आणि मिशनच्या आवारातली विहीर त्यांना उघडी होती, ही गोष्ट तीच जाणती माणसे सांगायची विसरत. तेव्हा साडूंच्या प्रश्नामागचा संशय निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. तो अर्धवट आहे, इतकेच म्हणेन. पाण्याभोवती धर्माची भिंत मिशनऱ्यांच्या आधीपासून उभी होती; ते आले तेव्हा त्यांना ती आयतीच मिळाली.

१९७२चा दुष्काळ मी पाहिला आहे. शाळेच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला ओळीने बसून खडी फोडणारी माणसे, त्यात आमच्या ओळखीची, चांगल्या बागायती घरातलीही होती. दुपारी सुकडी वाटली जायची, तिचा तो गोडसर, किंचित करपलेला वास अजून नाकात आहे, आणि परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीच्या भाकरीला घरातले कुणी नाव ठेवले की आई ताट ओढून घ्यायची. त्या वर्षी पाण्यापेक्षा मजुरीची चर्चा अधिक होती. फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी पुढे अनेक वर्षे तसेच पडून राहिले. काम दिले गेले, माणसे जगली, ही लहान गोष्ट नव्हे. पण एवढ्या हातांनी एवढे दगड फोडले आणि त्यातला एकही दगड डोंगराच्या उतारावर पाणी अडवायला लागला नाही, याचे वैषम्य मला मोठेपणी वाटू लागले.

हे वैषम्य ज्यांना त्या काळातच वाटले असावे, त्यांच्यात फादर हर्मन बाखर होते. १९२४ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला हा येशूसंघी धर्मगुरू १९४८ साली भारतात आला आणि पुढची जवळजवळ सहा दशके इथेच, मुख्यतः नगर जिल्ह्यात राहिला. नगरच्या सोशल सेंटरच्या माध्यमातून त्यांनी सुरुवातीला केले ते त्या काळी सगळेच करत होते: विहिरी खोदायला मदत, उपसा सिंचन, कर्जे. विहिरी झाल्या, काही वर्षे मळे फुलले आणि मग तळ दिसू लागले. जमिनीत मुरतच नसेल तर खोदून येणार काय, हा प्रश्न त्यांना डोंगरमाथ्यावर घेऊन गेला. तिथून १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमा'ची कल्पना आकाराला आली, नाबार्ड आणि जर्मन सरकारच्या संस्था त्यात आल्या, आणि १९९३ साली फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट', म्हणजे आमच्याकडे सगळे म्हणतात ती 'वॉटर' संस्था, स्थापन केली. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही याच जिल्ह्यातली गावे. त्यांच्याविषयी मराठी वाचकाला मी नव्याने काही सांगावे असे नाही. बाखरबाबांचे नाव त्या मानाने मागे राहिले. ते परके होते, शिवाय पाद्री होते, हे त्याचे एक कारण असणारच.

या कार्यक्रमाच्या अटी मला नेहमीच कौतुकाच्या वाटत आल्या आहेत, कारण त्या कडक होत्या. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, मोकाट चराई बंद करायची, खोल बोअर घ्यायचे नाहीत, उसासारखी पाणीखाऊ पिके टाळायची. मजुरीतला ठरावीक हिस्सा गावाने श्रमदानातून भरायचा. त्यातून भूमिहीनांना आणि एकट्या बायकांना सूट. सुरुवातीच्या काळात गावाने स्वतःला सिद्ध केले, तरच पुढचा मोठा निधी. दानधर्माची सवय असलेल्या संस्थेने अशा अटी घालणे सोपे नसते, कारण नाही म्हणावे लागते, आणि तहानलेल्या गावाला नाही म्हणणे हे एखाद्या धर्मगुरूला किती जड गेले असेल याची कल्पना मी करू शकतो. या साऱ्या अटींत धर्माचा उल्लेख कुठेही नाही. तो असावा म्हणून नव्हे, पण साडूंच्या प्रश्नासाठी मी तो मुद्दाम शोधला होता.

काम कसे चाले, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. बांबूच्या तीन काठ्या इंग्रजी ए अक्षरासारख्या बांधायच्या आणि वरच्या टोकापासून सुतळीला एक दगड लोंबता सोडायचा. हा झाला ओळंबा. आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर एक खूण असते. चौकट उतारावर उभी धरली की सुतळी इकडेतिकडे झुलते आणि हळूहळू थांबते. ती खुणेवर थांबली, तर दोन्ही पाय एका पातळीत आहेत. मग तिथे फक्की टाकायची, एक पाय तसाच ठेवून चौकट फिरवायची, पुन्हा सुतळी थांबायची वाट पाहायची. वारा असेल तर एकीने पदर आडवा धरायचा. मी पाहिलेल्या उतारावर हे काम दोन बायका करत होत्या, त्यातली एक लिहायला-वाचायला शिकली नव्हती आणि दुसरीला 'अगं घाई नको, दगडाला ठरू दे' असे सारखे बजावत होती. त्या पांढऱ्या ठिपक्यांतून जी वाकडीतिकडी रेघ तयार होते, ती डोंगराची समपातळी. तिच्यावर सलग समतल चर खणायचा, माती खालच्या अंगाला टाकायची, त्या भरावावर गवताचे आणि झाडांचे बी टोकायचे. माथ्यापासून सुरुवात करून पायथ्याकडे यायचे, उलटे नाही, कारण वरून धावत येणारे पाणी खालचा कितीही भक्कम बंधारा गाळाने भरून टाकते. ओढ्यावरचे बंधारे सगळ्यांत शेवटी. पुढाऱ्यांना मात्र बंधाराच आधी हवा असतो. चराच्या काठावर कोनशिला बसवता येत नाही.

दरेवाडी हे या कामातले बहुधा सर्वांत गाजलेले गाव. काम १९९६ साली सुरू झाले तेव्हा तिथे उन्हाळ्याचे चार-पाच महिने टँकर लागत असे आणि शेतीत वर्षातले तीन-चार महिनेच काम मिळत असे. पाच वर्षांनी टँकर बंद झाला, शेतातले काम नऊ-दहा महिन्यांवर गेले, विहिरींतले पाणी जमिनीखाली जवळजवळ साडेसहा मीटरवर होते, ते तीन मीटरच्या आसपास वर आले. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, जागतिक बँक आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट यांनी मिळून काढलेल्या जागतिक संसाधन अहवालात या गावावर स्वतंत्र प्रकरण आले. त्याआधीच, १९९९-२००० मध्ये, केंद्र सरकार आणि नाबार्डने या कार्यक्रमाच्या अनुभवावरून दोनशे कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभारला होता. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराचा 'लँड फॉर लाइफ' पुरस्कार 'वॉटर'ला मिळाला. शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे जगाने २०१५ मध्ये स्वीकारली; त्यातले पाण्याचे, भुकेचे आणि जमिनीच्या धूपीचे उद्दिष्ट दरेवाडीच्या उतारावर त्याच्या जवळपास दोन दशके आधी फक्कीने आखले गेले होते. विकासाचे शब्द वरून खाली येतात, अशी आपली समजूत आहे. इथे ते खालून वर गेले.

पण मला या गावाविषयी वाचताना आकड्यांपेक्षा मेंढपाळांजवळ थांबावेसे वाटते.

चराईबंदीला सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात विरोध केला तो त्यांनी. ज्याची जमीन आहे, त्याच्या विहिरीला पुढे पाणी येणार. ज्याच्याकडे फक्त शेळ्या-मेंढ्या आहेत, त्याचे आजचे रान बंद होणार. डोंगर अडवण्याचा खर्च एकाने करायचा आणि पाणी दुसऱ्याच्या मोटेला, असा हा हिशेब. वाटाघाटी झाल्या, एकदम सगळा डोंगर बंद करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने बंद करायचा, आत जनावर सोडायचे नाही पण गवत कापून नेता येईल, अशी तडजोड निघाली आणि काम पुढे सरकले. गवत वाढले, हेही खरे. पण कापून नेलेले गवत दुभत्या गाईच्या गोठ्यात जाते. मेंढरांचा कळप गोठ्यात बांधून जगवणे सोपे नसते. पाणलोटाच्या यशोगाथांत हा भाग दोन ओळींत उरकला जातो.

बायबलमध्ये याविषयी एक वचन आहे, जे मला फार उशिरा भेटले. सहा वर्षे जमीन पेरावी आणि सातव्या वर्षी ती पडीक ठेवून तिला विसावा द्यावा, असे बायबलमधल्या निर्गम या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहे. लेवीय ग्रंथातही त्याचा विस्तार येतो. इथपर्यंत ते चराईबंदीसारखेच आहे: जमिनीला दम खाऊ द्या. पण निर्गमात त्याच दमात पुढची अट येते. त्या वर्षी पडीक रानात आपोआप जे उगवेल, ते गरिबांनी खावे, आणि त्यांनी टाकलेले रानातल्या जनावरांनी. म्हणजे विसावलेली जमीन ही मालकाची उरत नाही, ती तेवढ्या काळापुरती निर्धनांची होते. नगर जिल्ह्यातल्या डोंगरावर या आज्ञेचा पहिला अर्धा भाग पाळला गेला आणि दुसरा अर्धा मोठ्या कष्टाने, तुकड्या-तुकड्यांनी, कधी सूट देऊन, कधी शेळ्यांऐवजी दुसरा धंदा देऊन साधायचा प्रयत्न झाला. तो पुरता साधला असे मला वाटत नाही. ख्रिस्ती प्रेरणेतून झालेल्या कामाला ख्रिस्ती ग्रंथाचीच फूटपट्टी लावावी, यात मला काही वावगे दिसत नाही.

ही फूटपट्टी एरवीही लावली गेली आहे, आणि फार कठोरपणे. १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने एका गाजलेल्या निबंधात पर्यावरणाच्या आजच्या संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, असा आरोप केला होता. बायबलमधल्या उत्पत्ती या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगतो, तिथूनच माणूस स्वतःला सृष्टीचा मालक समजू लागला, असा त्याचा युक्तिवाद. त्यावर उत्तर म्हणून दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवले जाते, जिथे देव माणसाला एदेन बागेची मशागत आणि राखण करायला ठेवतो. गंमत अशी की आरोप करणाऱ्या व्हाइटनेच असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता मानावे, असे सुचवले होते, आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी अधिकृत घोषणाही केली. २०१५ मध्ये त्याच संताचे नाव घेतलेल्या पोपनी पृथ्वीच्या काळजीवर 'लाउदातो सी' हे परिपत्र काढले आणि सप्टेंबरमध्ये, शाश्वत विकासाची उद्दिष्टे मंजूर झाली त्याच दिवशी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे भाषण केले. हा सगळा प्रवास महत्त्वाचा आहे. तरी माझ्या मनात येते की बाखरबाबा डोंगरावर चढले तेव्हा यातले परिपत्र निघायचे होते. विचार आधी आणि कृती मागून, असा क्रम पुस्तकात शोभतो.

इथिओपियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात याहून जुने उदाहरण आहे. तिथल्या तेवाहेदो ऑर्थोडॉक्स चर्चच्या भोवती शतकानुशतके राखलेली झाडी आहे. आसपासचा प्रदेश नांगरून आणि चारून उघडा पडला, पण चर्चभोवतीचे हिरवे ठिपके टिकले. विमानातून काढलेल्या चित्रांत तपकिरी पठारावर ते स्पष्ट दिसतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, आपल्याकडे देवराई आहे. फरक एवढाच की देवराईत देवाची भीती राखण करते, आणि तिथे झाडी हे चर्चचे वस्त्र मानले जाते. ते फाडले तर देऊळ उघडे पडते. गुरे आत शिरून रोपे खातात म्हणून अलेमायेहू वासी या इथिओपियन शास्त्रज्ञाने आणि मेग लोमन या अमेरिकन संशोधक बाईंनी तिथल्या धर्मगुरूंना सोबत घेऊन चर्चवनांभोवती दगडी भिंती बांधायला सुरुवात केली. दगड गावकऱ्यांनी आपापल्या शेतांतून वेचून आणले. शेत नांगरायला सोपे झाले आणि वन सुरक्षित झाले. गुरे बाहेर राहिली, म्हणजे तिथेही कुणाच्या तरी जनावरांचे रान बंद झालेच असेल. पण ती भिंत बाहेरून आलेल्या कुणाच्या अटीने उभी राहिली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

वसईचा मामला वेगळा. तिथे प्रश्न उघड्या डोंगराचा नव्हता, भरल्या वाडीचा होता. केळी, पानवेली, फुलझाडे, आणि वाडीच्या मधोमध गोड्या पाण्याचे बावखल, ज्यात पावसाचे पाणी साठते, मुरते आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरी खाऱ्या होऊ देत नाही. मुंबई सरकत सरकत तिथे पोहोचली, विहिरींतले पाणी टँकरने जाऊ लागले, वाड्यांवर इमारतींचे नकाशे पडू लागले. १९८०च्या दशकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या मार्फत लोकांना रस्त्यावर आणले. नंदाखालचा हा भूमिपुत्र, 'सुवार्ता' मासिकाचा अनेक वर्षे संपादक, पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. एका धर्मगुरूने झगा घालून मोर्च्याच्या पुढे चालणे काहींना खटकले, आणि संमेलनाच्या वेळी त्यांच्या निवडीवरूनही जो गदारोळ झाला तो वाचकांच्या स्मरणात असेल. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्यांनी वसई वाचवली असे म्हणणे खोटे ठरेल. आज तिथे उतरून पाहिले तर इमारतींचीच गर्दी आधी दिसते. पण जी हिरवी वसई उरली आहे, ती त्या भांडणामुळे उरली आहे, आणि बुजवलेली-कचरा टाकलेली बावखले पुन्हा साफ करायला आज तिथली तरुण मुले उतरतात, ती त्या भांडणाचीच नातवंडे आहेत.

तर, त्यांना त्यात काय मिळते? दिब्रिटोंना शत्रू मिळाले. बाखरबाबांना जर्मनीचा नागरी सन्मान मिळाला, तोही सत्तरीच्या आसपास, आणि म्हातारपणी ते मायदेशी परतले व २०२१ साली तिथेच वारले. मला वाटते, या माणसांच्या श्रद्धेने या कामाला जे दिले ते प्रवचन नव्हते. ते होते एकाच ठिकाणी अर्धे आयुष्य टिकून राहण्याचे बळ. प्रकल्पाला मुदत असते, अधिकाऱ्याची बदली होते, देणगीदाराचा कल पालटतो. व्रत घेतलेल्या माणसाची बदली झाली तरी तो ज्या लोकांसाठी आला ते बदलत नाहीत. डोंगर हिरवा व्हायला पाच ते दहा पावसाळे लागतात, आणि तेवढे पावसाळे थांबायला कुठलेही वेतन पुरत नाही. हे बळ फक्त ख्रिस्ती माणसांतच असते असा दावा मी करणार नाही. राळेगणला ते यादवबाबांच्या देवळातून आले. साडूंना हे उत्तर पटेल की नाही, मला शंका आहे. त्यांना पावती लागते.

आणि पावती मागावी अशी परिस्थिती आहेच. पाणी आले की पुढचा पेच सुरू होतो. कांदा, टोमॅटो, डाळिंब आले, विहिरींच्या पाठोपाठ बोअर आले, आणि ज्या अटीवर काम सुरू झाले होते ती अट बऱ्याच गावांनी हळूच विसरून टाकली. म्हणून 'वॉटर'ने अलीकडच्या वर्षांत गावोगावी जलसेवक तयार केले, हवामान केंद्रे बसवली आणि पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. अशाच एका गावच्या सभेला मी बसलो होतो. समाजमंदिराच्या भिंतीला टांगलेल्या कागदावर जलसेवक पोराने पाऊस किती पडला, मुरला किती, माणसांना आणि जनावरांना लागेल किती, हे मांडले आणि उन्हाळी कांद्याला यंदा पाणी नाही असे सांगितले. पुढच्या रांगेतला एक जण उभा राहिला आणि म्हणाला की रोपे टाकून झाली आहेत, आता काय उपटायची? मागून कुणीतरी ओरडले, तुझ्या बोअरला मीटर लावा आधी. एका आजीने विचारले की ताळेबंदात शेळ्यांचे पाणी धरले आहे का. पोराने कागद पाहिला, धरले होते, पण कमी धरले होते असे तिचे म्हणणे पडले, कारण तिच्या वस्तीवरची वीस शिंगे मोजायला कुणी आलेच नव्हते. त्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी कांद्याचा निर्णय पुढच्या सभेवर गेला आणि शेळ्यांचा आकडा पेनाने खोडून तिथल्या तिथे नवा लिहिला.